सरांसाठी दोन खोल्या हव्या आहेत

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं. माझ्याविषयी मात्र कुणी एक ओळही लिहिली नाही. तक्रार नाही. फळ्याचं नशीबच तसं. पण आता माझं वय झालं आहे, डाव्या कोपऱ्याला वाळवी शिवून गेली आहे, तेव्हा म्हटलं, आपली हकिगत आपणच सांगून टाकावी.

नाशिकच्या इंदिरानगरात अरुणोदय क्रीडा मंडळाचं फुटबॉलचं मैदान आहे. त्याच्या फाटकापाशी मी उभा असे. पिंपळगाव बसवंतच्या एका जुन्या गोदामाचं सागवानी दार मोडीत निघालं. त्याच्या चार फळ्या गोटीराम सुतारांनी जोडल्या, रंध्याने तासल्या, टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी पूड तेलात खलून अंगभर चोळली, वर पत्र्याचं छोटं छप्पर ठोकलं आणि १९९१ सालच्या दसऱ्याला मला दोन लोखंडी खांबांवर चढवलं. माझं तोंड मैदानाकडे होतं. डाव्या हाताला सिंधुबाईंची चहाची टपरी. एवढंच माझं जग, पण त्यात दिसायचं काही राहिलं नाही.

मंडळाच्या सेक्रेटरींची मुलगी संध्या तेव्हा नववीत होती. अक्षर मोत्यासारखं, म्हणून लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं आणि पुढे ती शाळेत शिक्षिका झाली तरी तिच्याकडेच राहिलं. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने मला पुसायची आणि सामन्याचा निकाल लिहायची. पहिली तीन वर्षं ती जे लिहायची ते वाचून माझीच मान खाली जाई. अरुणोदय शून्य, पाहुणे सहा. अरुणोदय एक, पाहुणे पाच. सिंधुबाईंना वाचता येत नसे. त्या टपरीतून विचारायच्या, "काय गं पोरी, आज किती खाल्ले?" गोल त्यांना जेवणासारखे वाटायचे.

मग १९९४च्या हिवाळ्यात कोंडाजी गावित आले.

उंची बेताची, अंगात जवळच्या अंबडच्या कारखान्यातल्या रखवालदाराचा खाकी शर्ट. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पलटणीच्या संघात बारा वर्षं फुटबॉल खेळलेले. पण हे सगळं नंतर कळलं. तीन दिवस ते नुसते कुंपणाशी उभे राहून सराव पाहत होते. चौथ्या दिवशी आत आले आणि सिंधुबाईंकडून पाण्याची बादली मागून घेतली. मैदानाच्या मधोमध ती ओतली आणि पोरांना म्हणाले, "बघा, पाणी कुठं जातं."

पाणी नासर्डी नदीच्या बाजूला ओघळत गेलं.

"आमच्याकडं भाताची खाचरं बांधताना आधी पाण्याला विचारतात," ते म्हणाले. "तुम्ही तीन वर्षं या मैदानावर खेळताय, आणि त्याला उतार कुठं आहे ते तुम्हाला माहीत नाही. पळता लय. बघत नाही."

मित्रांनो, त्या एका बादलीने अरुणोदयचं दैव फिरलं. कुठे पळायचं, कुठे थांबायचं, चेंडू आपणहून कुठे येणार, हे पोरं शिकली. गावित सर ओरडत नसत. कुणी चुकलं तर त्याला जवळ बोलावून जमिनीवर काडीने रेघ ओढून दाखवत. दोन वर्षांत जिल्ह्याचा करंडक आला. नंतर धुळं, जळगाव, नगर असे गावोगावचे करंडक येऊ लागले. संध्याची अक्षरं आता टपोरी होऊ लागली, भोवती वेलबुट्टी येऊ लागली. रविवारी मैदानाभोवती माणसं मावेनात. शेजारच्या वडाळ्याचे लोक तेलाचे रिकामे डबे बडवत यायचे, सिंधुबाई दुधाची दोन पातेली जास्त चढवायच्या. मी तर मिरवतच होतो. एकदा मला झेंडूचा हार घातला होता. तो सुकून गळून पडेपर्यंत मी जपला.

एकच माणूस आमच्यावर रुष्ट होतं. समोरच्या बंगल्यातल्या सावित्रीबाई कोतवाल. त्यांच्या खिडकीच्या काचा आमच्या पोरांनी अकरा वेळा फोडल्या होत्या आणि जेवढे चेंडू अंगणात पडले तेवढे सगळे त्यांनी कपाटात कुलपात ठेवले होते. निवृत्त मुख्याध्यापिका त्या. माझ्यावरच्या मजकुरात चूक दिसली की फाटकापाशी थांबून छत्रीच्या टोकाने दाखवायच्या आणि एक शब्द न बोलता निघून जायच्या.

अशी आठ वर्षं गेली. डिसेंबर २००२ उजाडला.

एका दुपारी मुंबई पासिंगची पांढरी गाडी फाटकाशी थांबली. सुटाबुटातले एक गृहस्थ उतरले. त्यांनी सराव पाहिला, सरांशी झाडाखाली अर्धा तास बोलले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या: मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने आपल्या फुटबॉल संघासाठी नाशिकच्या कोंडाजी गावितांना विचारलं आहे. पक्की नोकरी, राहायला घर.

त्या दिवशी टपरीवर चहा निवून गेला, पण कुणी प्यायला नाही.

"जातील का हो?"

"का नाही जाणार? इथं काय आहे? रखवालदारी."

"पण आपण त्यांना एवढं डोक्यावर घेतलं..."

लोक खडू घेऊन माझ्यापाशी येऊ लागले. 'सर, जाऊ नका.' 'गावित सर म्हणजेच अरुणोदय.' 'सर, आम्हाला पोरकं करू नका.' पुसायला संध्याचा हात धजेना. चार दिवसांत मी काळा राहिलोच नाही, पांढरा झालो. सर रोज सरावाला यायचे, माझ्यासमोर क्षणभर थांबायचे, वाचायचे आणि आत जायचे. हो नाही की नाही नाही. त्यांचं ते गप्प राहणं लोकांना जास्त जाळत होतं.

त्यातच गोदावरी करंडक सुरू झाला. राज्यभरातून सोळा संघ आले होते आणि सगळे सामने आमच्याच मैदानावर होते. अरुणोदय जिंकत जिंकत अंतिम सामन्यात पोचला. पण समोर कोण? मुंबईच्या त्याच कंपनीचा संघ!

आता कुजबुजीला नख्या फुटल्या. ज्यांच्याकडे जायचं, त्यांनाच हरवतील का सर? अंतिम सामन्याला नऊ दिवस उरले होते. शुक्रवारी भल्या पहाटे, धुकं दाट असताना, अंगावर शाल घेतलेलं कुणीतरी माझ्यापाशी आलं. सगळं पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सर फितुर झाले.'

मित्रांनो, इतकी वर्षं मी पराभव अंगावर घेतले, पण तसा चटका कधी बसला नव्हता. मला ते झटकता येईना, झाकता येईना. आणि त्या दिवशी सरांची रात्रपाळी संपली होती. ते कारखान्यातून थेट मैदानावर आले. सूर्य नुकता वर येत होता. त्यांनी वाचलं. मग खाली पडलेला खडूचा तुकडा उचलून माझ्या कडेवर नीट ठेवला आणि कोपऱ्यातले झेंडे लावायला निघून गेले.

संध्या आली. तिने ते वाचलं आणि फडकं भिजवायच्या आधी संघाचा कप्तान दीपकला हाक मारली. दीपक सरावाचे बूट बांधत होता.

"दीपक, फितूर शब्दातला 'तू' दीर्घ असतो," ती म्हणाली. "पाचवीपासून तुझ्या वह्या मी पाहिल्यात. तू नेहमी हीच चूक करतोस."

दीपकचा चेहरा पडला. एकवीस वर्षांचा गडी, पण लहान मुलासारखा रडला. "मला बापाच्या जागी आहेत ते, ताई. मला एका शब्दानंही सांगितलं नाही त्यांनी. जाणार असतील तर जाऊ देत, पण सांगावं तरी!"

"मग हे त्यांना विचार. फळ्याला काय सांगतोस?"

तो गेला. सरांच्या पायाशी वाकला. सरांनी त्याला मध्येच धरून उठवलं आणि कोपऱ्यातला झेंडा त्याच्या हातात दिला. "हा तिरका झालाय. सरळ लाव," एवढंच म्हणाले.

पण सिंधुबाई कप हातात घेऊन मागोमाग गेल्याच होत्या. त्यांनी सरांना टपरीच्या बाकावर बसवलं. मी हातभर अंतरावर होतो; सगळं ऐकलं.

"सर, आज मी इचारते. रागावू नका. मुंबईला जायचं तुमच्या मनात हाय का?"

सरांनी कप बाकावर ठेवला. "मनात नाही, बाई. पण घरची आहेत ना."

"घरची? कुठंयत तुमची माणसं?"

"करंजपाड्याला. पेठच्या पुढं, घाटाखाली. बायको आहे, नवसाबाई. पोरगी आहे, तृप्ती, सहावीत शिकते. इथं मी कारखान्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतो. तिथं माणसं कशी आणू? मुंबईवाले दोन खोल्या देतात."

"मंग तुम्ही घरी जाता कधी?"

"भाताच्या लावणीला. दिवाळीला. होळीला."

"आन् सुट्टीच्या दिवशी? रविवारी?"

सर हसले. "रविवारी तर मॅच असते, बाई."

टपरीवर पाच-सहा जण होते, सगळ्यांनी ऐकलं. आठ वर्षं, प्रत्येक रविवारी, आम्ही ज्या माणसाच्या नावाने डबे बडवत होतो, तो त्या दिवशी आपल्या लेकीकडे गेला नव्हता. आणि आमच्यापैकी एकानेही त्याला विचारलं नव्हतं.

संध्याने ओलं फडकं घेतलं आणि मला स्वच्छ पुसलं. इतकं स्वच्छ, की गोटीराम सुतारांनी केलेला काळा रंग पुन्हा दिसू लागला. मग तिने लिहिलं:

'गावित सरांच्या कुटुंबासाठी दोन खोल्या हव्या आहेत. नळ असावा. शाळा जवळ असावी. सर मुंबईला जावोत की न जावोत, विचारणं आपलं काम आहे.'

संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर रांग लागली. कुणी लिहिलं, एक खोली आहे पण वर गच्चीवर. कुणी लिहिलं, खोल्या नाहीत, पण गॅसची शेगडी देतो. कुणी पलंग दिला, कुणी टेबल. एकाने 'रंग फुकट मारून देईन' असं लिहून खाली आपल्या दुकानाची जाहिरातही केली. सगळं मिळत होतं, फक्त दोन खोल्या मिळत नव्हत्या. रविवार गेला, सोमवार गेला.

मंगळवारी सकाळी सावित्रीबाई कोतवाल आल्या. छत्री बगलेत. चष्मा पुसून त्यांनी संध्याचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चूक सापडली नाही. मग संध्याच्या हातातून खडू घेतला आणि शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरांत लिहिलं:

'माझ्या बंगल्यालगतच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. नळ आहे. शाळा पाच मिनिटांवर. मुलीचा अभ्यास मी घेईन. चेंडू मात्र परत मिळणार नाहीत. स. कोतवाल.'

टपरीवर जो गलका झाला, तो धुळ्याचा करंडक आला तेव्हाही झाला नव्हता.

शनिवारी सिंधुबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा टपरी बंद ठेवली. त्या आणि संध्या पहाटेच्या एसटीने पेठला आणि तिथून जीपने करंजपाड्याला गेल्या. रविवारी सकाळी परतल्या तेव्हा सोबत दोघी होत्या: नाकात चमकी घातलेल्या, काटक अंगाच्या नवसाबाई आणि दोन वेण्यांची तृप्ती. नवसाबाईंच्या काखोटीला नागलीच्या पिठाचं गाठोडं होतं. या प्रवासाचं सरांना काही ठाऊक नव्हतं. संघ घेऊन फाटकातून आत येताना त्यांनी टपरीच्या बाकावर आपली माणसं बसलेली पाहिली आणि जागीच थांबले. तोंडातली शिट्टी खाली पडली. तृप्ती म्हणाली, "बाबा, आज आम्हीच आलो. जा तुम्ही, उशीर होईल."

आता तो सामना ऐका!

मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. झाडांवर माणसं, कुंपणावर माणसं, माझ्या छपरालाही दोघे लोंबकळत होते. नाणेफेक मुंबईने जिंकली आणि उताराची बाजू घेतली. आमची पोरं पूर्वार्ध चढावर खेळली. पंधराव्या मिनिटाला आमच्यावर गोल बसला. डबे थांबले. कुणीतरी पुटपुटलं, "बघा, म्हणत नव्हतो?" सिंधुबाईंनी वळून असं पाहिलं, की तो गृहस्थ गर्दीत विरघळला.

मध्यंतरात सर पोरांना एवढंच म्हणाले, "त्यांनी पळून घेतलं. आता जमीन आपल्या बाजूची आहे."

उत्तरार्धात अरुणोदय असा उतरला, जसा पावसाळ्यात घाटातून ओढा उतरतो. दहाव्या मिनिटाला दीपकने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. एक-एक! डब्यांच्या आवाजाने माझ्या खिळ्यांना हादरे बसले. पण नंतर मुंबईचे गडी भिंतीसारखे उभे राहिले. वेळ संपत आली. शेवटच्या दोन मिनिटांत उजवीकडून चेंडू आला, थेट दीपकच्या पायावर. समोर गोलरक्षक. सगळं मैदान ओरडलं, "मार!"

आणि दीपकने मारला नाही. पाय उचलल्यासारखं केलं आणि चेंडू तसाच जाऊ दिला. गोलरक्षकाने त्याच्या पायावर झेप टाकली. चेंडू मात्र उताराने सावकाश, जणू काही घाई नसल्यासारखा, गोलच्या डाव्या बाजूकडे घरंगळत गेला. तिथे आमचा किशोर उभा होता, सरांनी काडीने रेघ ओढून दाखवलं होतं अगदी तिथेच. त्याने नुसता पाय लावला.

दोन-एक!

मित्रांनो, पुढची पाच मिनिटं मला काही दिसलं नाही. माझ्यासमोर फक्त गुलाल होता.

धुरळा बसला तेव्हा मुंबईचे ते सुटातले गृहस्थ सरांपाशी आले. मोठ्या मनाचे होते, हात हातात घेऊन म्हणाले, "गावित, आता तर तुम्ही मला हवेच आहात. काय ठरलं?"

सिंधुबाई पुढे झाल्या. "सर, आमचं ऐका. कोतवाल बाईंनी दोन खोल्या दिल्यात, तुम्ही फळ्यावर वाचलंच आसंल. झाडून, रंगवून तयार हायेत. पन हे तुम्हाला बांधून ठेवायला नाय. मुंबईला तुमचं बरं होणार आसंल तर जा. आमी वाजतगाजत एसटीत बसवू."

सरांनी बायकोकडे पाहिलं. नवसाबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आधी खोल्या बघते."

मग जी वरात निघाली! पुढे सावित्रीबाई छत्री घेऊन, मागे नवसाबाई आणि तृप्ती, त्यामागे गुलालात माखलेला संघ, आणि त्यामागे हजारभर माणसं. सगळी बंगल्याच्या कुंपणाशी थांबली. करंडक कुणाच्या हातात आहे, याचं भान कुणाला नव्हतं. नवसाबाई आत गेल्या; आतली हकिगत मी पुढे ऐकली. नळ सोडून पाहिला. चूल कुठे बसेल ते पाहिलं. खिडकीतून डोकावल्या. तिथून मैदान दिसत होतं, आणि फाटकाजवळचा मीही. मला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसला.

"पाणी किती वाजता येतं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी सहाला," सावित्रीबाई म्हणाल्या. "आणि पावणेसातला जातं."

नवसाबाईंनी बोटांवर हिशोब केला.

"पुरं आहे," त्या म्हणाल्या. "राहू आमी."

तो जल्लोष मी काय वर्णावा! मुंबईच्या गृहस्थांनीही टाळ्या वाजवल्या. सर अंगणातल्या पायरीवर बसले, तृप्तीला जवळ घेतलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्यांचे डोळे भरलेले पाहिले. सावित्रीबाई आत गेल्या, कपाटाचं कुलूप उघडलं आणि सव्वीस चेंडू एका चादरीत बांधून बाहेर आणून ठेवले. "फळ्यावर लिहिलं होतं खरं," त्या कुरकुरल्या, "पण एवढ्या चेंडूंचं मी करू काय?"

पुढची वर्षं भराभर गेली. सर राहिले, करंडक येत राहिले. मग फ्लेक्सचा जमाना आला. माझ्या जागी रंगीत कापडी बोर्ड लागला आणि मला खांबांवरून उतरवून मंडळाच्या मोरीमागे टेकवून ठेवलं. दोन पावसाळे मी तिथे भिजलो. रंग उडाला, वाळवी लागली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण २००८ साली एकदा नवसाबाई तिकडून जात होत्या. त्यांनी मला पाहिलं, पदराने तोंडावरचा चिखल पुसला आणि डोक्यावर घेऊन घरी आणलं.

आज मी त्यांच्या अंगणात भिंतीला टेकून उभा आहे. पेठ-सुरगाण्याकडची सहा मुलं-मुली इथे राहून शाळा शिकतात आणि सरांकडे खेळतात. भात कुणी लावायचा, भांडी कुणाकडे, अभ्यास कुणाचा राहिला, हे माझ्यावर लिहिलेलं असतं. गेल्या महिन्यात त्यातली एक मुलगी राज्याच्या संघात निवडली गेली. ते तृप्तीने लिहिलं, आणि सावित्रीबाईंनी खाली 'शाब्बास' लिहिलं.

मित्रांनो, म्हाताऱ्या फळ्याची एक विनवणी ऐका. माझ्यासारख्या लाकडाला ऊन-पावसापासून जपा, ते तर आहेच. पण त्याआधी माणसांना जपा. जो तुम्हाला जिंकून देतो, त्याच्या नावाने डबे खुशाल बडवा, गुलाल उधळा. तो निघून जाईल अशी भीती वाटली तर त्याचे पायही धरा. फक्त त्याआधी त्याच्या शेजारी बाकावर बसा, चहाचा कप पुढे करा आणि विचारा, की दादा, रविवारी तुझी वाट कोण पाहतं?